समुद्रानं परत दिलेला नारळ

इंदू, तुझा नारळ अजून वाजतो.

सकाळी देवघर पुसायला घेतलं. हे काम मला जमत नाही. कुंकवाचे डाग पुसायच्या ऐवजी सगळीकडे पसरवून ठेवले. तू पाहिलं असतंस तर हातातलं फडकं ओढून घेतलं असतंस. तसबिरींच्या मागे तो नारळ होता, शेंडी झडलेला, काळा पडलेला. तू करायचीस तसा कानाशी धरून हलवला. आतला सुकलेला गोटा खुळखुळला. इतकी वर्षं त्याला हात लावायची मला मुभा नव्हती. "ठेवा तो खाली, फोडान एखांद्या दिवशी," असं तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस. तिथून तुला दिसायचं कसं, ते तुलाच ठाऊक. आज कोणी ओरडलं नाही. नारळ खाली ठेवला आणि तिथंच बसून रडलो.

तू गेलीस त्याला अजून आठवडाही झालेला नाही. घर माणसांनी भरलं आहे. गल्लीतल्या बायकांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, तुझी ओटी भरली. ज्याला त्याला एकच बोलायचं होतं, भाग्याची बाई, सवाष्ण गेली. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. असेल, तुझं भाग्य असेल. माझ्या वाट्याला काय आलं ते कोणी बोललं नाही. आणि मला तुझा रागच आला, इंदू. चहात साखर किती घालायची हे सुद्धा न सांगता निघून गेलीस.

तुझ्या अस्थी मागच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला टांगल्या आहेत. घरात आणायची रीत नाही. लहानसं मडकं, वर फडकं बांधलेलं. मी खाटेवर बसून चहा पितो आणि तिकडे पाहतो. समुद्रपूरहून तुझा भाऊ बाबाराव आला आहे. तो रोज सकाळी माझ्याजवळ येऊन खाकरतो.

"भाऊजी, जाऊ ना पुलगावले. वर्धेत सोडून देऊ. आपले सारे लोक तिथीच सोडते."

"जाऊ बाबाराव. थांबा जराशे."

"काऊन पन?"

काऊन, ते त्याला काय सांगू? त्याला वाटतं, माझं मन धजत नाही. तेही खरंच. पण तुझं-माझं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि तुला कुठं सोडायचं ते त्या भांडणावर ठरायचं आहे. बाबारावाला ते सांगायचं तर जीपपासून सुरुवात करावी लागेल. त्यापेक्षा तुलाच लिहून सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. देवळीत आपलं बियाण्यांचं दुकान, नाचणगावच्या वाटेवर थोडी शेती आणि सरकारी लिलावात घेतलेली जुनी जीप. ती जीप सरकीची पोती वाहायची, लग्नाची वऱ्हाडं वाहायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायची. आपल्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आईनं उपास, अंगारे, वैद्य, सगळं करून पाहिलं. तुझी मागणी मात्र एकच, समुद्र पाहायचा. समुद्रपूरची पोरगी आणि समुद्र पाहिला नाही, ही माझ्या वडिलांची थट्टा तू लग्नाच्या पंगतीपासून ऐकत आली होतीस. मांडवातच म्हणे तू ठरवलंस, की एक दिवस पाहून येईन आणि यांचं तोंड बंद करीन.

पण नवरा-बायकोनं फिरायला जायचं हे देवळीत त्या काळी कोणाच्या कानाला बरं लागलं असतं? आई म्हणाली, "फिराले जाच्याले आपण काय साहेब लोक हाओ काय?" मग तूच युक्ती काढलीस. कोकणात समुद्राच्या काठी नवसाला पावणारा एक देव आहे, असं कोणा पाव्हण्याकडून आईच्या कानावर घातलंस. चार दिवसांत आईच माझ्या मागे लागली, "जा ना लेका, पेरणीच्या आंधी जाऊन या." अशी आपली यात्रा निघाली. आईचा नवस, तुझा समुद्र आणि माझी जीप चालवायची हौस.

वैशाखाचं ऊन तापलेलं. तू मागे बसलीस, डोक्यावर पदर, मांडीशी स्टोव्ह, एका बाजूला ज्वारीच्या पिठाचा डबा आणि दुसऱ्या बाजूला घरच्या पाण्याचं मडकं. देवळीत तू कधी माझ्या शेजारी बसली नव्हतीस. सासरा, सासू, गल्ली, बाजार, सगळ्यांसमोर नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून कशी बसणार? पुलगावच्या पुलावर मला थांबवलंस. पदराची गाठ सोडून वर्धेत नाणं टाकलंस, हात जोडलेस, आणि पूल ओलांडून जीप पलीकडच्या काठाला लागली तशी मागून आवाज आला.

"अवो, थांबा. मले पुढं येऊ द्या."

"आता काऊन?"

"पल्याड अमरावती जिल्हा लागते. इथी आपल्याले कोन वयखते?"

आलीस आणि बसलीस. पदर डोक्यावरून घसरला, तो वाऱ्यानं घसरला म्हणून तू मला सांगितलंस. मी रस्त्याकडे पाहत जीप हाकत राहिलो, पण त्या दिवशी आपल्या जुन्या जीपचा खडखडाट मला सनई-चौघड्यासारखा लागत होता.

अकोला, औरंगाबाद, नगर, पुणे, कोल्हापूर. मैलाचा प्रत्येक दगड तू मोठ्यानं वाचलास. चौथीपर्यंतचं शिक्षण तू त्या एका प्रवासात वसूल केलंस. मुक्काम धर्मशाळेत, स्वयंपाक झाडाखाली. घाटात मात्र तुझी वाचा बसली. आपल्याकडे रस्ता कसा, लांबवर सरळ, समोरून येणारी बैलगाडी दिसते त्यानंतर चहा पिऊन घ्यावा इतका वेळ. आणि इथं प्रत्येक वळणावर दरी. तू डोळे मिटून माझी बाही धरलीस ती उतार संपेपर्यंत सोडली नाहीस. त्या सदऱ्याची बाही उसवली. तू नंतर ती शिवलीस, आणि टाके वाकडे आले म्हणून मलाच बोललीस, की असा कसा हात होता तुमचा.

रत्नागिरीच्या अलीकडे एका चढावर वळण घेतलं आणि तो समोर आला. मी जीप थांबवली. तू खाली उतरलीस, कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिलीस. मी वाट पाहत होतो, आता काहीतरी बोलेल, हात जोडेल.

"अवो, पल्याड काहीच दिसत नाई," तू म्हणालीस.

"नाईच दिसत. समुद्र हाय थो."

"याले पल्याडचा काठच नाई?"

नदीकाठच्या माणसाला दुसरा काठ लागतो. माझ्याही मनात तेच आलं होतं, फक्त मी ते बोललो नाही. मी तुला म्हटलं, "झाली ना समुद्रपूरची अब्रू राखून?" तू हसलीस आणि डोळे पुसलेस.

मग कितीतरी दिवस आपण त्या काठानं खाली खाली जात राहिलो. तांबडा रस्ता, काजूची झाडं, उजव्या हाताला कधी दिसणारा, कधी डोंगरामागे दडणारा समुद्र. मध्येच खाडी यायची आणि रस्ता संपायचा. दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर जीप चढवायची. पहिल्या खाडीला तू जीपमधून उतरायलाच तयार होईनास. खलाशी म्हणाला, उतरा बाई, तर तू मडकं पोटाशी धरून बसलीस. "जीप बुडाली तं मायासंगच बुडन." तिसऱ्या खाडीपर्यंत तू त्या खलाशांना जीप कशी बांधायची ते शिकवायला लागली होतीस.

दमट हवेनं तू हैराण. "आपलं ऊन जाळते, इथलं शिजवते," म्हणायचीस. खानावळीत तांदळाची पांढरी भाकरी आली, ती हातात धरून उन्हाकडे करून पाहिलीस आणि मला विचारलंस, "हे भाकर हाय का पापड?" मग खानावळवालीच्या चुलीपाशी जाऊन, आपल्या डब्यातलं पीठ घेऊन, तिला ज्वारीची भाकर थापून दाखवलीस. तिनं तुला बांगडा खायला घातला. तू आधी नाक मुरडलंस, मग माझ्या ताटातला उचललास. देवळीला गेल्यावर हे आईला सांगायचं नाही अशी शपथ घातलीस. मी ती आज मोडतो आहे, पण आता आई नाही आणि तूही नाहीस.

देवाचं दर्शन झालं. तू काहीतरी पुटपुटलीस. नवस काय बोललीस ते मी विचारलं नाही, आणि ते मला कळलं नाही असंही नाही. दोन-तीन दिवसांनी, मालवणच्या अलीकडे, एका रिकाम्या किनाऱ्यावर तू मला जीप थांबवायला सांगितलंस. ट्रंकेतून खण काढलास, तांदूळ, हळद-कुंकू, सुपारी, आणि देवळीच्या बाजारातून आणलेला नारळ.

"देवाची झाली ना ओटी?" मी विचारलं.

"देवाची झाली. हे आपल्या वर्धेची."

मला काही उमजेना. मग तू समजावलंस, लहान मुलाला समजवावं तसं. साऱ्या नद्या समुद्रात जातात. म्हणजे समुद्र हे नदीचं सासर. "आपल्या गावची लेक इथी नांदते. माहेराहून मानूस आलं आन् रिकाम्या हातानं भेटलं तं कसं दिसन?"

मी मॅट्रिक झालेला माणूस. भूगोलात मला शाळेत बक्षीस मिळालेलं, हे तुला मी लग्नानंतर किती वेळा ऐकवलं असेल. मी हसलो. वाळूवर काटकीनं नकाशा काढला.

"अवं, वर्धा इकडं येतच नाई. थे वैनगंगेले मियते, मंग गोदावरीले, आन् गोदावरी जाते पूर्वेच्या समुद्राले. हा पश्चिमेचा."

"किती समुद्र हाय?"

"आपल्या देशाले दोन म्हन."

"दोघाच्या मंधात भिंत हाय काय?"

"भिंत कायले राहीन? खाली जाऊन एक होते ते."

"मंग एकच हाय ना," तू म्हणालीस, आणि माझा नकाशा पायानं पुसून पाण्याकडे चालू लागलीस.

मी चपला काठावर काढल्या, नदीच्या घाटावर काढतो तशा, पाण्याच्या अगदी कडेला, आणि तुझ्या मागे गेलो. तू घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून ओटी सोडलीस, डोळे मिटून हात जोडलेस. लाट आली. नारळ गडगडत येऊन तुझ्या पायाशी थांबला आणि खण घोट्याला गुंडाळला गेला. तू पुन्हा सोडलंस, थोडं पुढे जाऊन. पुन्हा परत. तिसऱ्यांदा तर नारळ तुझ्याही मागे, कोरड्या वाळूपर्यंत येऊन पडला. आपण जन्मभर नदीत सोडत आलो. नदीत सोडलेलं निघून जातं. आपण सोडलेलं समुद्र परत आणून देतो, हे आपल्याला कुठं माहीत?

तुझा चेहरा पडला. "घेतली नाई," तू म्हणालीस.

आणि मी, हुशार माणूस, बोललो, "सांगतलं ना तुले. पत्त्यावर मानूसच नाई, पार्सल वापसच येईन."

तू वाळूत बसलीस आणि रडायला लागलीस. मी तुला कधी तशी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या बोलण्यानंही नाही. मला वाटलं होतं आपण नदीबद्दल बोलतो आहोत. तू नदीबद्दल बोलत नव्हतीस. घरात मी तुला नावानं कधी हाक मारली नव्हती, 'अवं' नाही तर 'आयकतं का' यावरच संसार चाललेला. तिथं लाटांचा एवढा आवाज, आसपास कोणी नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "इंदू." तू दचकून वर पाहिलंस.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई किनाऱ्यानं आली. तिनं तुझी ओली ओटी पाहिली आणि कमरेवर हात ठेवून हसली. "गो बाय, भरती चालू असा. आता दिलंस तर तो परतच करतलो. सुकती लागांदे, मगे दी." पाणी उतरायला लागलं की मग दे, म्हणजे नेईल, असं तिचं म्हणणं. ती गेली. मी म्हटलं, बसू मग तोवर, आपल्याला काय घाई आहे.

तू नारळ उचललास, पदरानं पुसलास, आणि हळूहळू तुझा चेहरा उजळत गेला. ओटी घेणारी बाई त्यातले चार दाणे परत ठेवते, देणाऱ्याच्याही घरी भरलेलं राहावं म्हणून. ते तुझ्या डोक्यात आलं होतं.

"चार दाने वापस द्याची रीत हाय. यानं तं पुरा नारय देल्ला," तू म्हणालीस. "मायीच ओटी भरली त्यानं."

पदर पसरून तू तो नारळ ओटीत घेतलास. त्या क्षणी तू जशी दिसत होतीस, इंदू, ते मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी जेवढा जगलो आणि अजून जेवढा जगेन, तेवढ्याला तो एक क्षण पुरेल.

मग मी मागे वळलो तर चपला नाहीत. भरतीनं त्या केव्हाच नेल्या होत्या. तू डोळ्यांत पाणी असतानाच हसायला लागलीस, पोट धरून. "त्याले तुमच्या चपलाच पाह्यजे होत्या!" त्या तापलेल्या जीपमध्ये पुढच्या गावापर्यंत मी अनवाणी, आणि तुझं हसू काही थांबेना. हसता हसताच म्हणालीस, "मी मेल्यावर मले इथीच आणजा."

"एवढ्या दूर कोन येते? आपली वर्धा काय वाईट हाय?"

"वर्धेत सोडलं तरी इथीच येईन मी."

"वर्धेत सोडलं तं तिकडं जाशीन, पूर्वेले."

"मंग इथीच आणजा," म्हणालीस, आणि बाहेर पाहायला लागलीस.

परतताना पुलगावच्या पुलाअलीकडे मी जीप थांबवली, तू मागे जाऊन बसशील म्हणून. तू हललीच नाहीस. नारळ मांडीवर, नजर समोर. "चाला," एवढंच म्हणालीस. आपण देवळीच्या बाजारातून तसेच गेलो. चक्कीवाला पाहत राहिला, शेजारच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. आईनं दारातून पाहिलं आणि काय समजायचं ते समजून घेतलं. नंतर तू कधीच मागे बसली नाहीस.

मूल झालं नाही. आईनं वर्ष-दोन वर्षं तुझ्याकडे रोखून पाहिलं, मग तेही सोडलं. कोणी हळहळलं की तू बोलणं पऱ्हाटीवर न्यायचीस, यंदा कापसाचं बोंड कसं धरलं आहे त्यावर. नारळ खोटं बोलला असं तू एकदाही म्हणाली नाहीस. तो देवघरात राहिला. त्यातलं पाणी आटलं, खोबरं सुटलं, आणि एका दुपारी तू मला दुकानातून बोलावून घेतलंस. वाटलं काय झालं, धावत आलो. तू नारळ माझ्या कानाशी धरलास. "आयका, वाजते!" तुझा आनंद मला कळेना. पुढे तू अधूनमधून एकटीच तो हलवून ऐकायचीस, दार लोटून. तुला त्यात काय ऐकू यायचं, ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आपल्या घरात हे एकच न बोललेलं राहिलं. बाकी सगळं आपण बोललो, भांडलो, पुन्हा बोललो.

मी कितीदा म्हटलं, चल, पूर्वेचा समुद्र दाखवतो, जीप अजून धावते. तू नाहीच म्हणायचीस. "एक पाह्यला, थोच दुसरा. एकाच गावाले दोन खेपा कायले?" तुझी लबाडी मला कळत होती. तिकडे गेली असतीस तर समुद्र दोन आहेत हे कबूल करावं लागलं असतं.

दवाखान्यात, शेवटी शेवटी, तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "तुमचा थो दुसरा समुद्र राह्यलाच."

"बरी हो. जाऊ ना."

"एकच हाय म्हना. मंग राह्यला नाई."

मी हसून म्हटलं, "दोन हाय, इंदू, दोन." तुला चिडवलं की तू चिडायचीस, चिडलीस की जरा उठून बसायचीस, म्हणून. तू फक्त हसलीस.

तर बाबारावाला मी हे सांगू शकत नाही. समुद्र दोन असतील तर मला तुला कोकणात न्यायला हवं. जीप आता घाट चढणार नाही, पण एसटी जाते. काल मी पिशवी भरलीसुद्धा. एक धोतर, एक सदरा, तुझी शाल. तू सांगितलं होतंस, मी घेऊन जाईन, त्यात काही अवघड नाही. पण आज तो नारळ कानाशी धरला आणि वाटलं, दवाखान्यात तू कोकण मागितलं नाहीस. तू मागितलं ते एवढंच, की एकच आहे म्हणा. जन्मभर मी तुला नकाशे काढून दाखवले. आता मला तूच बरोबर असायला हवी आहेस, इंदू. तू बरोबर असलीस तरच पुलगावच्या पुलाखालून जाणारं पाणी त्या किनाऱ्याला लागेल, आणि मला पुलावर उभं राहून रोज तिकडे पाहता येईल. उद्या बाबारावाला हो म्हणतो.

काल इथवर लिहून थांबलो होतो. आता पुलगावहून आलो आहे, अंग अजून ओलं आहे.

सकाळी बाबाराव सवयीनं जीपमध्ये पुढे बसायला गेला. मी म्हटलं, "तिथी नोका बसू, बाबाराव." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मडकं उतरवून आणलं, तुझ्या शालीत गुंडाळलं आणि पुढच्या सीटवर ठेवलं. तो मागे चढला. बाजारातून आपण तसेच गेलो.

पावसाळा उतरतो आहे. वर्धा काठोकाठ आहे, पाणी गढूळ आणि जोराचं. गुरुजींनी सांगितलं तसं सगळं केलं. तू गेलीस. एका लाटेत गेलीस, मला नीट पाहूही दिलं नाहीस. मग मी पिशवीतून खण काढला, तांदूळ, हळद-कुंकू, सुपारी. आणि तो नारळ.

बाबाराव जवळ आला. "भाऊजी, हे काय? ओटी बायका भरते. गड्यानं नाई भरत."

"लेक असती तं तिनं भरली असती, बाबाराव. हिच्या घरी दुसरं कोन हाय?"

तो मागे सरला आणि डोळ्यांना उपरणं लावून उभा राहिला. मी काठावर चपला काढल्या आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात गेलो. ओटी सोडली. मोठ्यानं म्हटलं, बाबाराव ऐको की गुरुजी ऐको, "इंदू, समुद्र एकच हाय." तुझं खरं होतं. समुद्रपूरची लेक आहे, सांभाळून ने, असं नदीलाही सांगितलं.

नारळ वर आला, तरंगला, एकदा गिरकी घेतली आणि धारेला लागला. पुलाच्या खांबापर्यंत दिसत होता. नदीत सोडलेलं परत येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी उभा राहिलो. पायाशी पाहत राहिलो, गडगडत येऊन थांबेल म्हणून. खण आला नाही, तांदळाचा दाणा आला नाही. बाबाराव हाका मारत होता, चाला भाऊजी, पाणी वाढून राह्यलं.

घेतली, इंदू. तिनं घेतली ओटी.

मी वळून बाहेर आलो. चपला काढल्या होत्या तिथंच होत्या.